१४ वर्षांच्या लेकीबरोबर सायक्लोक्रॉस: ठाणे-नवी मुंबईत कोणी करतंय का?

चिखलवाला_खारघर

नमस्कार मंडळी. खारघरला राहतो, वय ४४, रविवारी पामबीच नाहीतर उरण साइडला सायकल मारणारा साधा माणूस. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात लांब पल्ला पूर्ण करायच्या राइड) केल्यात, रेस कधीच नाही. लेक १४ ची, नववीत. गेल्या हिवाळ्यात तिने यूट्यूबवर मॅथ्यू व्हॅन डर पोल या डच सायकलपटूच्या सायक्लोक्रॉस रेस (चिखल-गवतातल्या छोट्या कोर्सवर लॅप मारायचे, अडथळा आला की सायकल उचलून पळायचं) बघायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पार्किंगमध्ये विटांवर फळी टाकून त्यावरून सायकल उचलून पळणं चालू असतं, वॉचमनला मज्जा येते, सेक्रेटरींना येत नाही.

आता तिने डोक्यात घेतलंय की बाबा आपण दोघांनी मिळून रेस मारायची. मी मारे हो म्हणून बसलो, पण मला पहिली गोष्ट हीच कळत नाहीये की बाप आणि पोरगी एकाच रेसमध्ये उतरतात का, की वयाप्रमाणे वेगळं असतं, आणि वेगळं असेल तर मग "मिळून" म्हणजे काय करायचं, एकमेकांना टाळ्या वाजवायच्या फक्त? तिच्याकडे हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे, माझ्याकडे ग्रॅव्हल (वाकलेल्या हँडलची, कच्च्या रस्त्यावर चालणारी). नवीन काही घ्यायचं बजेट सध्या नाही. प्रॅक्टिस कुठे करायची तेही सांगा, कारण खारघरच्या डोंगराकडे पावसात जायला बंदी लागते आणि येऊरला आत घुसलं तर फॉरेस्टवाले हाकलतात असं ऐकलंय. बायकोचा विरोध नाही पण तिने एकच वाक्य टाकलंय, चिखलातून लेप्टो घेऊन आलात तर दोघांना हॉलमध्ये झोपवीन.

कुणी केलं असेल तर अनुभव सांगा. नसेल केलं तरी सांगा, चालेल.

नौपाडा_ते_लीड्स

मूळ नौपाड्याचा, बरीच वर्षं इंग्लंडात लीड्सला आहे. मी आणि मुलगा (१५) इथल्या लोकल लीगमध्ये क्रॉस करतो, त्यामुळे लांबट लिहितोय, चालवून घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, एकाच रेसमध्ये नाही. म्हणजे सध्या तरी. इथे रविवारी एकाच मैदानावर, एकाच कोर्सवर दिवसभर वेगवेगळ्या वयाच्या रेस होतात. सकाळी अगदी बारकी पोरं छोट्या लॅपवर, मग १४ आणि १६ खालच्यांची अर्धा तासाच्या आसपास, मग चाळिशी ओलांडलेल्यांची पाऊण तासाची, बायकांची, शेवटी मोठ्यांची तासाभराची. १७ झालं की ज्युनियर, आणि बऱ्याच लीगमध्ये ज्युनियर आणि मोठे एकाच वेळी सोडतात, निकाल फक्त वेगळा लावतात. तेव्हा कुठे बापलेक एकाच ट्रॅकवर एकाच वेळी येऊ शकतात. वय मोजताना एक गंमत आहे ती लक्षात ठेवा, सीझन सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि वय धरतात ते सीझन संपतो त्या वर्षाचं, त्यामुळे पोरं सप्टेंबरातच वरच्या गटात ढकलली जातात आणि एकदम दाढीमिशावाल्यांच्यात जाऊन पडतात.

पण "मिळून म्हणजे काय" हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर या खेळात आहे, मला वाटतं बाकी कुठल्याच सायकल रेसमध्ये एवढं नाही. उत्तर म्हणजे पिट.

क्रॉसमध्ये सायकल बदलायला परवानगी असते. लॅप साधारण अडीच ते साडेतीन किमीचा, त्यात पिटची जागा आखलेली असते. चिखलाने सायकल जड झाली, चेन उडी मारायला लागली की पिटमध्ये घुसायचं, घाण सायकल सोडायची, स्वच्छ सायकल घेऊन बाहेर पडायचं. आणि तुम्ही परत फिरून येईस्तोवर पिटमधल्या माणसाने ती घाण सायकल धुवून, चेनला तेल मारून, योग्य गिअरला टाकून हातात तयार धरायची. मोठ्या रेसमध्ये पिट असा आखतात की एका लॅपमध्ये दोनदा लागतो, म्हणजे धुणाऱ्याला अर्धाच लॅप मिळतो, धांदल बघण्यासारखी असते. पिटच्या बाहेर कोणी सायकल दिली तर बाद, हे पोरीला आधीच सांगून ठेवा, कारण प्रेमापोटी सगळे आईबाप एकदा तरी कोर्सच्या दोरीखालून हात घालायला बघतात.

तर आमचं गणित असं. त्याची रेस आधी, माझी नंतर. त्याच्या रेसमध्ये मी पिटमध्ये, माझी सायकल ही त्याची स्पेअर. माझ्या रेसमध्ये तो पिटमध्ये, त्याची सायकल माझी स्पेअर. दोन सायकली, दोन माणसं, पाचवी वस्तू लागत नाही, बादली आणि ब्रश सोडून. उंची आता जवळपास सारखी आहे. सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) दोन रंगांच्या इलेक्ट्रिकल टेपच्या खुणा, लाल त्याची, पिवळी माझी, क्विक रिलीज उघडला की पाच सेकंदाचं काम. पेडल दोघांना एकाच जातीचे ठेवा. ब्रेकसुद्धा एकाच बाजूचे ठेवा, म्हणजे पुढचा ब्रेक दोन्ही सायकलींना उजव्याच हाताला, नाहीतर उतारावर घाईत सवयीने भलताच दाबला जातो आणि माणूस हँडलवरून पुढे.

आणि खरं सांगू का, मला माझ्या रेसपेक्षा त्याच्या पिटमध्ये उभं राहायला जास्त टेन्शन येतं. त्याचंही तेच, फक्त तो कबूल करत नाही. पहिल्यांदा त्याने माझ्या हातात सायकल दिली तेव्हा "बाबा तिसरा गिअर, वळण डावीकडून घ्या, उजवीकडे खड्डा झालाय" असं खणखणीत सांगितलं, घरी हाच मुलगा "हं" च्या पुढे बोलत नाही.

तुमची हार्डटेल चालेल. लोकल रेसमध्ये एमटीबी चालू देतात, हँडलच्या टोकाला शिंगं लावली असतील तर ती फक्त काढायला लावतात. यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) रेसला टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही आणि सपाट हँडल चालत नाही, पण ते दुखणं तिला जगज्जेतेपद खेळायचं असेल तेव्हा बघू.

जुना_घाटवाला_ठाणे

लीड्सवाल्या भावाने मस्त सांगितलं. मी ठाण्यातला, तरुणपणी मुंबई-पुणे रेसमध्ये बोरघाटात घाम गाळलेला. घाटाचा राजा झालो नाही, राजाच्या मागून प्रजेत होतो. आता पोरांना फुकट शिकवतो.

भारतातलं बोलू. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा भरतात त्या रोड, ट्रॅक आणि एमटीबीच्या. त्यामुळे शनिवारी उठून नाव नोंदवलं आणि क्रॉस खेळलो असं इथे होत नाही, स्वतः दहाबारा डोकी जमवून करावं लागतं. पण एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. युरोपात चिखल हिवाळ्यात. आपल्याकडे चिखल जून ते सप्टेंबर, जेव्हा रोडवाले सगळे घरात ट्रेनरवर (एका जागी पेडल मारायच्या स्टँडवर) बसून पंख्याला शिव्या घालत असतात. म्हणजे रोडचा जो रिकामा काळ तोच आपला क्रॉसचा सीझन, फक्त थंडी नाही. आणि भातकापणी झाली की नोव्हेंबरात मोकळी कोरडी खाचरं मिळतात, बांध हेच नैसर्गिक अडथळे. फक्त मालकाला विचारून, आणि रब्बीचं काही, वाल वगैरे पेरलं नसेल तरच.

चिखलाचं बघा. ठाणे-नवी मुंबईचा चिखल दोन प्रकारचा. डोंगराकडचा लालसर मुरमाचा, त्यातून पाणी निथळतं, टायर पकडतो, सरावाला छान. आणि खाडीकडचा, कोलशेत, उलवे, गव्हाण साइडचा भरावाचा काळा चिकण. तो तांदळाच्या उकडीसारखा बसतो, फोर्क आणि टायरच्या मध्ये एकदा गच्च भरला की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. पोरीच्या एमटीबीच्या फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा आहे का बघा. नसेल तर एक साइझ अरुंद टायर लावा, लोक उलटं करतात, चिखल म्हणून रुंद लावतात आणि अडकतात.

हवेचं. रोडवाले ८०-९० पीएसआयवर जगणारे, त्यांना सांगून पटत नाही, पण क्रॉसला पंचवीस-तीसच्या आसपास. ट्यूबलेस असेल तर अजून खाली. ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. पोरगी ४०-४५ किलोची असेल तर तुमच्यापेक्षा चारपाच पीएसआय कमीच भरा तिला, बाप स्वतःच्या अंदाजाने दोन्ही सायकलीत सारखीच हवा मारतो आणि मग पोरगी वळणावर घसरते, हे मी दर वर्षी बघतो. दोघांची सायकल अदलाबदल करणार असाल तर हा मुद्दा अजून महत्त्वाचा, मध्यम काहीतरी धरावं लागेल.

आता उतरणं-चढणं. हा खेळ ८० टक्के हाच आहे असं माझं मत. नियमाप्रमाणे फळ्या ४० सेंमीपर्यंत उंच, दोन असतात, चारसहा मीटर अंतराने. फळीच्या आधी उजवा पाय मागून सीटवरून डावीकडे आणायचा, डावा अजून पेडलवरच, उजवा हात वरच्या नळीवर, डावा हँडलवर, आणि सायकल चालू असतानाच पळत जमिनीवर. थांबायचं नाही. उचलायची ती फळीपुरती, छातीपर्यंत नाही. चढताना लोक उडी मारून सीटवर बसकण घालतात आणि पुरुष मंडळी डोळे पांढरे करतात, तसं नाही, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर उतरायचं आणि सरकत बसायचं. लांब चढ किंवा पायऱ्या असतील तर खांद्यावर, उजव्या खांद्यावर वरची नळी, उजवा हात खालच्या नळीखालून पुढे नेऊन हँडल धरायचं. एमटीबीची फ्रेम लहान असेल तर तिला खांद्यात बसणार नाही, मग हातानेच उचलून पळू दे.

आधी गवतावर, कोरड्यात, चालत्या माणसाच्या वेगाने. मग जॉगिंग. मग चिखल. पोरं दोन तासात शिकतात, बापांना महिना लागतो कारण बाप विचार करतात.

नुसता_प्रेक्षक

सगळं वाचलं. चांगलं आहे पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पुढच्या वर्षी तिची दहावी. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धांचे, सोसायटीच्या मागच्या चिखलाचे नाही. इथे क्रॉसची लीग नाही, सिलेक्शन नाही, काही नाही. एवढी आवड आहे तर सरळ एमटीबीत टाका, निदान स्टेटला जाईल. बापाची हौस म्हणून मुलीचा वेळ घालवू नये असं प्रामाणिक मत.

नौपाडा_ते_लीड्स

@नुसता_प्रेक्षक हौस पोरीची आहे, नीट वाचा, बाप फरफटत चाललाय :)

पण मुद्दा चुकीचा नाही. फक्त एमटीबी की क्रॉस असा हा प्रश्नच नाही. टॉम पिडकॉक इथला, लीड्समध्ये जन्मलेला. २०२२ ला क्रॉसचा जगज्जेता, आणि टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकला एमटीबीचं गोल्ड. मुलींमध्ये पोलिन फेरॉं-प्रेव्हो बघा, २०१५ ला क्रॉसची जगज्जेती, २०२४ ला पॅरिसला एमटीबीचं गोल्ड आणि २०२५ ला बायकांची टूर द फ्रान्स. हे लोक हिवाळ्यात क्रॉस करतात कारण तासाभरात हात, पाय, डोकं, सगळ्याची कसरत होते. ही काही आजची युक्ती नाही, १९१० ची टूर जिंकलेला ऑक्टाव्ह लापीझ त्याच्या काळातच सांगायचा की क्रॉसमुळे जमलं. तर ती एमटीबी स्टेट खेळू दे, आणि पावसाळ्यात क्रॉस करू दे. दोन्हीला सायकल तीच आहे.

डॉक्टर_वाशी

लेप्टोबद्दल, कारण तो प्रश्न सगळ्यांनी वळसा घालून सोडून दिला आणि वहिनींचं बरोबर आहे.

हा जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात-चिखलात येतो आणि आपल्या शरीरात शिरतो तो खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यातून, तोंडातून. क्रॉसमध्ये या तिन्ही गोष्टी होतात. म्हणून जागा निवडताना पहिला नियम, नाल्याच्या कडेचा, तुंबलेल्या रस्त्याच्या पाण्याचा, गोठ्याच्या उताराचा चिखल नको. मोकळ्या माळावरचा पावसाचा चिखल त्या मानाने बरा, शून्य धोका कुठेच नाही. खरचटलेलं असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावूनच उतरायचं, चष्मा घालायचा (पारदर्शक काचेचा, उन्हाचा नको), तोंडावर झाकण असलेली पाण्याची बाटली घ्यायची कारण पुढच्या चाकाचा चिखल थेट तिथेच उडतो. संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ, "घरी जाऊन करू" नाही, तोपर्यंत तासभर लोकलमध्ये तेच अंगावर.

त्यानंतर बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांत, कधी महिनाभरापर्यंतही ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नका, डॉक्टरला जाऊन चिखलात खेळलो होतो हे वाक्य आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर आम्हाला सुचायला उशीर होतो. प्रतिबंधाच्या गोळ्या असतात, पण दर रविवारी स्वतःच्या मनाने खायच्या नाहीत, वय-वजन बघून डॉक्टर ठरवेल. धनुर्वाताचं बघून घ्या, मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचं इंजेक्शन असतं, दहाचं राहिलं असेल तर आत्ताच घ्या. तुमचं स्वतःचं शेवटचं कधी झालं ते तुम्हाला आठवणार नाही, सगळ्या बापांचं असंच असतं, तुम्हीही घ्या.

आणि एक, १४ ची मुलगी, खेळ वाढवताय, हिमोग्लोबिन एकदा तपासा. चढावर दम लागतो म्हणून "फिटनेस कमी" असं ठरवण्याआधी. वजनाचा विषय घरात काढू नका, हलकी झालीस तर चढावर पळशील वगैरे सल्ले कृपया तिला देऊ नका, कुणी कोच देत असेल तर कोच बदला.

नेरूळची_आई

मी आणि माझा मुलगा ट्रेल रनिंगच्या रेस करतो, सायकल नाही, पण आईबापाने पोराबरोबर उतरायचं म्हणजे काय होतं ते माहितीये म्हणून लिहिते.

आपण म्हणतो "बरोबर खेळतोय". मुलांच्या डोक्यात वेगळं चालू असतं. एकतर त्यांना तुम्हाला हरवायचं असतं, किंवा तुम्ही मुद्दाम हळू पळताय का याचा त्यांना संशय असतो, आणि मुद्दाम हळू पळलेलं त्यांना शंभर टक्के कळतं, त्याच्याएवढा अपमान दुसरा नाही. म्हणून वयाचे गट वेगळे आहेत हे मला तरी बरंच वाटतं. वरच्या लेव्हललाही बघा ना, तुमच्या मुलीच्या व्हॅन डर पोलचा बाप आद्री १९९६ चा क्रॉसचा जगज्जेता. होगरहाइडला दरवर्षी रेस होते ती त्या बापाच्या नावाने आहे, आणि २०२३ ला त्याच गावात मॅथ्यू जगज्जेता झाला, वान आर्टला शेवटच्या स्प्रिंटमध्ये मागे टाकून. मुलगा २०२५ पर्यंत सात वेळा जगज्जेता, बाप एकदा. तसंच स्वेन नेइस, दोनदा जगज्जेता, २०१६ ला थांबला तेव्हा त्याचा मुलगा तिबो तेराचौदाचा, आणि तोच तिबो २०२० ला ज्युनियर आणि २०२३ ला २३ खालचा जगज्जेता झाला, बापाच्याच टीमकडून क्रॉस खेळून. हे बापलेक एकमेकांविरुद्ध कधी मोठ्या रेसला उभेच राहिले नाहीत, वयच जुळत नाही. (हो, सगळी माहिती मुलाची, माझी नाही, त्यालाही हा खेळ आवडतो आणि आता तो पण मागे लागणार.)

तरी तुम्हाला दोघांना एका वेळी उतरायचंच असेल तर आम्ही करतो ते करा. मागून सोडायचं. लहानाला आधी सोडायचं, मोठ्याला नंतर, अंतर असं ठेवायचं की शेवटच्या लॅपला जेमतेम गाठता येईल. मग तुम्ही जीव तोडून पळू शकता, नाटक करावं लागत नाही, आणि तिलाही मागे वळून बघायला लागेल. दर वेळी जिंकणाऱ्याचं अंतर पुढच्या वेळी कमी-जास्त करायचं. माझं अंतर आता उलटं झालंय, मला आधी सोडतात, असो.

एक नियम मात्र घरात पक्का करा. रेसच्या गाडीतल्या परतीच्या प्रवासात बापाने चुका सांगायच्या नाहीत. तिने विचारलं तरच. वडापाव खाऊन झाल्यावर विचारते ती.

जुना_घाटवाला_ठाणे

ताई, मागून सोडायची आयडिया एक नंबर. आम्ही क्लबात टाइम ट्रायलला असंच करायचो.

अजून एक पर्याय आहे, रिले. जागतिक स्पर्धेत २०२३ पासून मिश्र रिले अधिकृत आहे, पुरुष-बायका, मोठे-लहान एका टीममध्ये, प्रत्येकाने एक लॅप. आपण त्याचं घरगुती रूप करू, एक मोठा एक लहान, आलटून पालटून लॅप, हाताला टाळी दिली की दुसऱ्याने निघायचं, अर्धा तास. यात बापलेक खरंच एका टीमचे. आणि लहान मुलाला दर लॅपनंतर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

जागेचं सांगतो. येऊर विसरा, ते नॅशनल पार्कात येतं, रस्त्यावरून वरपर्यंत सायकल मारा, पण जंगलातल्या पायवाटांवर टायर घालायचा नाही, परवानगीशिवाय तर नाहीच, आणि पावसात त्या वाटा चाकाने कापल्या की पाणी त्याच खाचेतून धावतं आणि वाट वाहून जाते. खारघरला पांडवकड्याच्या बाजूला पावसाळ्यात पोलीस उभेच असतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. नगरपालिकेच्या क्रिकेट मैदानावर चिखलात गेलात तर पीच उखडेल आणि क्रिकेटवाले स्टंप घेऊन मागे लागतील, त्यांचं बरोबर असेल.

मग कुठे? बदलापूर, शहापूर, कर्जतकडे कुणाच्या ओळखीचं शेतघर असेल तर त्याचा माळ भाड्याने घ्या. मालकाला दोन गोष्टी आधीच सांगा, माती उखडणार आहे आणि सायकल धुवायला पाणी लागणार आहे. बोअरचं पाणी असेल तर पैसे वेगळे द्या, मनापासून द्या. कोर्स आखताना तीन मीटर रुंदी ठेवा म्हणजे ओव्हरटेक करता येतं, नियमातही तेवढीच किमान आहे. दोरीऐवजी सुतळीवर रंगीत कापडाच्या चिंध्या बांधा, वायर किंवा नायलॉन नको, गळ्याला लागतं. लहानांसाठी फळ्या वीस-पंचवीस सेंमीच्याच ठेवू, ठोकळ्यांवर नुसत्या ठेवायच्या, ठोकून पक्क्या करायच्या नाहीत, धडकलं की फळी पडली पाहिजे, पोर नाही.

आणि फुरशाचं ध्यान ठेवा. कोकणपट्टीतल्या मुरमाड माळावर दगडांखाली असतात, आकाराने लहान, मातीच्या रंगाची. आखणी करताना आधी काठी आपटत फिरायचं, पोरांना दगड उलटायला लावायचं नाही. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) आहे का हे आधी फोन करून विचारायचं. हे ऐकून घाबरू नका, शेतकरी रोज तिथेच वावरतो.

चिखलवाला_खारघर

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. रात्री लेकीबरोबर बसून सगळं वाचलं, तिने मधेच मोबाईल हिसकावून घेतला. पिटवाली गोष्ट तिला सगळ्यात आवडली, म्हणते बाबा तुम्ही रेस नका करू तुम्ही फक्त पिट करा. म्हटलं तसं नाही, माझीही रेस होणार आणि तू माझी चेन धुणार. तोंड वाकडं केलं पण मान्य केलं, आणि वर अट घातली की मी लॅप हळू मारला तर ती सायकल देणार नाही.

@प्रेक्षक दादा, दहावीचं खरं आहे. एमटीबीच्या जिल्हा-राज्य स्पर्धांची चौकशी करतोच, ते सोडत नाहीये.

डॉक्टरसाहेब, टीडी तपासलं, तिचं झालेलं आहे, माझं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. सोमवारी घेतो. बायकोने तुमची पोस्ट फ्रिजवर चिकटवायला प्रिंट मारलीय.

आता अडचण ही की सीटपोस्ट. तिची हार्डटेल छोट्या फ्रेमची, मी बसलो की सीट कमाल उंचीच्या खुणेच्या वर काढावी लागते आणि माझी ग्रॅव्हल तिला लांब पडते, हँडलचे वाकलेले भाग तिने कधी धरलेलेच नाहीत. म्हणजे स्पेअरची अदलाबदल आमच्यात जमणार नाही असं दिसतंय. काही उपाय?

नौपाडा_ते_लीड्स

कमाल खुणेच्या वर काढू नका, नळी तुटते, नाहीतर फ्रेम तडकते. लांब सीटपोस्ट मिळतो, व्यास तेवढाच बघून घ्या, सीटपोस्टवरच कोरलेला असतो, २७.२ किंवा ३०.९ किंवा ३१.६ असं काहीतरी. तो घातला की तुम्ही तिच्या एमटीबीवर दोन लॅप काढू शकाल, सुंदर दिसणार नाही पण पिटमध्ये कोणी सौंदर्य बघत नाही. मात्र लांब पोस्ट तिच्या उंचीला पूर्ण खाली जातो का ते दुकानातच बघा, काही फ्रेममध्ये नळी मधेच वाकलेली असते आणि पोस्ट अडतो.

उलट बाजूचं, म्हणजे तिला तुमची ग्रॅव्हल, ते सध्या करू नका. अनोळखी हँडलवर १४ ची पोर चिखलाच्या उतारावर नको. तिच्यासाठी फक्त स्पेअर चाकं ठेवा, टायर लावून, हवा भरून. पिटमध्ये चाक बदलायलाही चालतं. डिस्क ब्रेक असतील तर स्पेअर चाकाची डिस्क त्याच आकाराची आणि जागेवर नीट बसते का, घासत नाही ना, हे घरी लावून बघायचं, तिथे नाही. मागच्या चाकाची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) पण तेवढ्याच गिअरची.

नेरूळची_आई

आमच्या ओळखीत एकांची मुलगी मोठी झाली म्हणून २६ इंची हार्डटेल पडून आहे, जुनी आहे पण ब्रेक ठीक आहेत. तुमच्या मुलीला फक्त स्पेअर म्हणून चालेल का? विकत नको, वापरून परत द्या, धुवून.

चिखलवाला_खारघर

ताई चालेल म्हणजे काय, धावेल. मेसेज करतो. धुवून तर देणारच, आता तीच ट्रेनिंग चालू आहे.

जुना_घाटवाला_ठाणे

तर मग ठरवा. पहिल्यांदा रेस नको, नुसतं उतरणं-चढणं आणि पिटची अदलाबदल. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच हात वर करा, मोठे किती लहान किती आणि कुणाकडे कुठली सायकल तेवढं लिहा, जागा मी कर्जत साइडला ओळखीत विचारतो. फळ्या आणि सुतळी माझ्याकडे आहेत. बादल्या प्रत्येकाने आपापल्या आणायच्या, गेल्या पावसाळ्यात माझ्या गेल्या त्या अजून परत आल्या नाहीत.